फळीखालची ओल

पर्यटकांना खंडाळ्याचा पाऊस धबधब्यावर भेटतो, आम्हाला तो घरात भेटतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त कोसळतो. मिठाला पाणी सुटतं, साड्यांना बुरशी येते आणि फरशी इतकी गार पडते की माझ्या सासूबाई घरात मोजे घालून वावरतात. म्हणून आम्ही खालच्या खोलीत काँक्रीटवर लाकडी जमीन करून घेतली. रंग निवडायला मला बोलावलं होतं. फळीखाली काय घालणार, हे मात्र मी विचारलंच नाही!

श्रावणात फळ्या सांध्यांवर फुगल्या. घरातल्यांनी पहिलं खापर फोडलं ते फरशी पुसणाऱ्या बाईवर. ‘ओलं फडकं मारते.’ आमच्या बचत गटातल्या एकीचे तर अशाच कारणावरून एका बंगल्यात पगारातून पैसे कापले गेले. ओल्या फडक्याने लाकूड फुगतं, नाही असं नाही. पण आम्ही फळी उचलली तेव्हा वरची बाजू ठीक होती. खाली मात्र काळी बुरशी आणि कुबट वास.

मैत्रिणींनो, काँक्रीट दगडासारखं दिसलं तरी त्यात बारीक छिद्रं असतात. जमिनीतली ओल त्यातून वर येते. जुन्या घरांत माडीची फळी टिकते, कारण तिच्या खाली हवा खेळते. तळमजल्यावर तशी सोय नसते. म्हणून आधी जाड प्लॅस्टिकचा कागद हवा, निदान २०० मायक्रॉनचा. दोन पट्ट्या वीतभर एकमेकींवर घेऊन चिकटपट्टीने बंद केलेला आणि भिंतीकडे थोडा वर वळवलेला. त्यावर फोम किंवा थर्माकोलसारखा टणक बोर्ड, मग फळी. कागद ओल अडवतो, फोम गारवा अडवतो. आमच्याकडे नुसता पातळ फोम होता. भिंतीलगत बोटभर फटही हवी, लाकूड पावसाळ्यात पसरतं ना!

हे सगळं फळीच्या मानाने स्वस्त. पण ‘न दिसणाऱ्या गोष्टीवर कशाला खर्च?’ असं म्हणून नेमकं तेच गाळलं जातं. माझं स्पष्ट मत आहे, पैसे कमी असतील तर फळी साधी घ्या, खालचा थर सोडू नका. आणि हे आपण बायकांनीच विचारावं. जमीन पुसायची आपल्याला, बोलणीही आपल्यालाच.

आता पुन्हा काम काढलंय. मिस्त्री म्हणाले, ‘वाळलंय हो वहिनी, काळजी नको.’ मी हातभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा काँक्रीटवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवला. सकाळी उचलला तर आतून पाण्याचे थेंब. मिस्त्री काही बोलले नाहीत. काम दिवाळीनंतर ढकललंय. सासूबाईंना मोज्यांचा नवा जोड आणलाय.