मोटार आपली, भिंत आपली, कळ कोणाची?

विजेवर चालणारी मोटार घेतलेल्या ब्रिटनमधील गृहस्थासमोर आज एक नवाच पेच उभा राहतो. मोटार दारात येते, पण रात्री तिला वीज देणारी पेटी घराच्या भिंतीवर कोणती बसवावी? बाजारात अनेक कंपन्यांच्या पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटी स्वतःला ‘स्मार्ट’ म्हणवते. म्हणवणे भागच आहे. कारण ३० जून २०२२ पासून, काही किरकोळ अपवाद वगळता, स्मार्ट नसलेला घरगुती चार्जर विकण्यास तेथे कायद्यानेच मनाई आहे. तेव्हा स्मार्ट घ्यावा की साधा, हा प्रश्न ग्राहकाच्या हाती उरलेला नाही. कोणाच्या शहाणपणावर विसंबावे, एवढाच उरला आहे. आणि नेमका तोच प्रश्न विक्रेत्यांची माहितीपत्रके पुढे येऊ देत नाहीत. तारेची लांबी, झाकणाचा रंग आणि मोबाइलवर दिसणारे सुबक आलेख यांतच ग्राहकाला गुंतवून ठेवले जाते.

वस्तुतः भिंतीवरील या पेटीला चार्जर म्हणणेच अयथार्थ आहे. घरातील एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर करणारे यंत्र मोटारीच्या पोटात असते. पेटी म्हणजे सुरक्षिततेची साधने जोडलेले एक मोठे बटण. किती अँपिअर ओढण्यास हरकत नाही एवढे ती मोटारीला सांगते, आणि मोटार त्या मर्यादेत वीज घेते. ब्रिटनमधील बहुतेक घरांना एकाच फेजची जोडणी असल्याने ही मर्यादा ३२ अँपिअर, म्हणजे सुमारे ७ किलोवॅट एवढीच राहते. साठ युनिटांची रिकामी बॅटरी भरण्यास कोणत्याही पेटीवर साडेआठ-नऊ तास लागणारच. बसवण्याच्या खर्चासह हजार पौंडांच्या आसपास मोजून ग्राहक जे घेतो, त्यातील तांबे आणि प्लास्टिक सर्वत्र जवळपास सारखेच. फरक आहे तो बटण केव्हा दाबायचे हे कोण ठरवणार, यात.

या ‘केव्हा’ला एवढे मोल का आले? वीज साठवणे महाग आहे आणि रात्री मागणी ओसरते, हे त्याचे जुने कारण. वीज उद्योग राष्ट्राच्या मालकीचा होता तेव्हा, १९७८ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाचा दर सुरू झाला. रात्रीच्या सात तासांत स्वस्त विजेने हीटरमधील विटा तापवायच्या आणि दिवसभर त्या उष्णतेने घर ऊबदार ठेवायचे, अशी ती योजना होती. पुढे १९८०च्या दशकात बीबीसीच्या दीर्घ लहरींवरील प्रक्षेपणात, ऐकणाऱ्याच्या कानाला न जाणवणारा संकेत मिसळून, असंख्य घरांतील मीटर आणि हीटर दुरूनच चालू-बंद केले जाऊ लागले. स्मार्ट हा शब्द त्यासाठी कोणी वापरला नव्हता. ही व्यवस्था जून २०२५ अखेरपासून टप्प्याटप्प्याने गुंडाळण्यास प्रारंभ झाला, त्या सुमारासही काही लाख घरे तिच्यावर अवलंबून होती. त्यापूर्वी मुदत वाढवून दिली गेली होती, आणि मीटर बदलून देण्याची जबाबदारी नियामकाने पुरवठादार कंपन्यांवर टाकली होती. ढिसाळपणा झाला, तक्रारीही झाल्या. पण जाब विचारण्यासाठी समोर कोणीतरी होते.

आता रात्रीच्या त्या स्वस्ताईत पवनचक्क्यांच्या विजेची भर पडली आहे. २०२५ मध्ये सर्वसाधारण घरगुती दर युनिटला २६ पेन्सांच्या आसपास होता, तर मोटारधारकांसाठीचे रात्रीचे दर सात-आठ पेन्सांपर्यंत उतरले होते. वर्षाला आठ हजार मैल धावणाऱ्या मोटारीला २,३०० युनिटे लागतात असे धरले, तर एका दराने सहाशे पौंड होतात आणि दुसऱ्या दराने पावणेदोनशे. पेटीचे पैसे अडीच वर्षांच्या आत वसूल होतात, हा विक्रेत्यांचा दावा अशा घरापुरता खराच आहे. मात्र ही बचत दराची आहे, पेटीची नव्हे. रात्रीचे ठरावीक तास स्वस्त देणारा दर ज्याने घेतला आहे, त्याला पुष्कळ मोटारींमधले स्वतःचे घड्याळही पुरेसे होते. अशा माणसाने सर्वांत साधी आणि मजबूत पेटी घ्यावी.

दुसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘सकाळी सातला मोटार ऐंशी टक्के भरलेली हवी’ एवढे सांगून ग्राहक मोकळा होतो, आणि मधल्या तासांत वीज केव्हा सोडायची हे कंपनीचा संगणक ठरवतो. ऑक्टोपस एनर्जी या पुरवठादाराचा ‘इंटेलिजंट’ दर असा चालतो, आणि ‘ओम’सारख्या पेट्यांची रचनाच दराशी जुळवून घेण्याच्या हेतूने झाली आहे. हजारो मोटारींची मागणी अशी मागेपुढे सरकवता आली की, तिचा उपयोग एखाद्या वीजकेंद्रासारखा होतो. घाऊक बाजारातील खरेदी स्वस्त पडते आणि ग्रिडचा तोल सांभाळण्याचा मोबदलाही मिळू शकतो. हा लाभ मोटारधारकांच्या बॅटऱ्यांमधून आणि त्यांनी दाखवलेल्या सवडीतून निर्माण होतो. त्यातील किती भाग स्वस्त दराच्या रूपाने परत मिळाला आणि किती कंपनीकडे राहिला, याचा ताळेबंद बिलावर छापलेला नसतो. सौदा ग्राहकाच्या तोट्याचाच आहे असे म्हणण्याचे कारण नाही; फक्त तो एकाच बाजूच्या वहीत लिहिला जातो.

छपरावर सौर पत्रे असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. लिंकनशायरमधील एका कंपनीची ‘झॅपी’ ही पेटी घरात न लागणारी सौर वीज मोटारीकडे वळवते. पण सहा अँपिअरपेक्षा, म्हणजे सुमारे १.४ किलोवॅटपेक्षा, कमी विजेवर मोटार भरणे सुरूच होत नाही. आणि मुख्य म्हणजे उन्हाच्या वेळी मोटार घरी असावी लागते. निवृत्तांना हे साधते, कचेरीत जाणाऱ्यांना नाही.

२०२१ साली केलेल्या ज्या नियमांमुळे ही सक्ती आली, ते पुष्कळ विचाराने केलेले आहेत. कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या वेळा टाळणे ही पेटीची मूळ घडी, आणि ती बदलण्याची मुभा मालकाला. ठरल्या ठोक्याला सर्व पेट्या एकदम सुरू होऊन ग्रिडला धक्का बसू नये, म्हणून प्रत्येक पेटी दहा मिनिटांपर्यंत यादृच्छिक विलंब करते. इंटरनेट तुटले तरी मोटार भरता आली पाहिजे, आणि वीज पुरवठादार बदलला म्हणून पेटीचे स्मार्ट गुण नाहीसे होता कामा नयेत, असेही बंधन आहे. म्हणजे पुरवठादाराच्या मक्तेदारीचा विचार झाला. पेटी बनवणारी कंपनीच उठून गेली तर काय, याचा मात्र तेवढा झाला नाही.

ही भीती काल्पनिक नाही. इटलीच्या एनेल समूहातील ‘एनेल एक्स वे’ने ऑक्टोबर २०२४च्या प्रारंभी जाहीर केले की, अमेरिका आणि कॅनडातील आपला कारभार ११ ऑक्टोबरला बंद होईल. घरोघरच्या ‘ज्यूसबॉक्स’ पेट्या वीज देत राहतील, पण त्यांच्या अ‍ॅपला आणि दूरनियंत्रणाला कंपनीचा आधार राहणार नाही. शहाणपणासाठी पैसे मोजलेल्या माणसाच्या भिंतीवर पुन्हा साधे बटणच राहणार, असा याचा अर्थ. (एनेलमध्ये सर्वांत मोठा भागधारक इटलीचे सरकार आहे. सरकारी भागभांडवलाने ग्राहकाचे हित आपोआप जपले जाते असे मानणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.)

यावर उपाय नाही असे नाही. पेटी आणि तिला आज्ञा देणारा संगणक यांच्या संभाषणासाठी ‘ओसीपीपी’ नावाची एक खुली भाषा नेदरलँड्समध्ये २०१०च्या सुमारास आकाराला आली. ती बोलणारी पेटी एका कंपनीचे दार बंद झाले तर दुसरीच्या सेवेला जोडता येते. मात्र कंपनीने त्या जोडणीला कुलूप लावलेले नसावे. ब्रिटनच्या नियमांनी या भाषेची सक्ती केली नाही, आणि ही त्यांतील खरी उणीव होय. ती भरून निघेपर्यंत ग्राहकाने स्वतःच विक्रेत्याला विचारले पाहिजे: सेवा बंद झाली तर वेळापत्रक पेटीतच राहते का? ते घरातूनच बदलता येते का? मालकाला दुसऱ्या कंपनीची सेवा जोडू दिली जाते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी देणारी पेटी शंभर पौंडांनी महाग असली तरी तीच घ्यावी.

हा सारा विचार ज्याच्या घराला अंगण आहे त्याच्यापुरता आहे. ब्रिटनमधील सुमारे एक तृतीयांश कुटुंबांना रस्त्याबाहेर मोटार उभी करण्याची जागा नाही. २०२५ मध्ये त्यांना सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटला सत्तर पेन्सांहून अधिक मोजावे लागत होते. शिवाय घरच्या विजेवर ५ टक्के मूल्यवर्धित कर होता, तर रस्त्यावरच्या विजेवर २० टक्के. पवनचक्क्या आणि वाहिन्या यांचा भार सर्वांच्या बिलांतून उचलला जातो. रात्रीची स्वस्त वीज मात्र अंगणवाल्यांच्या भिंतीपर्यंतच पोहोचते. पदपथात चर खोदून घरातली तार रस्त्यावरील मोटारीपर्यंत नेण्यासाठी २०२५ मध्ये सरकारने अडीच कोटी पौंड जाहीर केले. दिशा योग्य आहे, रक्कम तुटपुंजी.

महाराष्ट्रातील वाचकाने यातील वेळापत्रक मात्र जसेच्या तसे उचलू नये. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार, स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकासाठी उन्हाच्या तासांतील दर नेहमीच्या दराहून निदान वीस टक्के कमी आणि जास्त मागणीच्या तासांतील दर निदान दहा टक्के अधिक असावा, असे ठरले आहे. ब्रिटनमध्ये रात्र स्वस्त, येथे दिवस. आणि दिवसा पुण्या-मुंबईच्या नोकरदाराची मोटार गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नसते. ती कचेरीच्या किंवा रेल्वे स्थानकाच्या वाहनतळावर असते. घरच्या भिंतीवरील पेटी कितीही हुशार असली तरी त्या विजेपर्यंत तिचा हात पोहोचत नाही. तेव्हा त्या वाहनतळांवरील पेट्या कोणाच्या मालकीच्या असाव्यात आणि दुपारच्या स्वस्ताईतील किती वाटा त्यांनी मोटारवाल्याला द्यावा, हे महापालिकांनी कंत्राटे देण्याआधीच ठरवले पाहिजे.