सुखाचा मुहूर्त

‘एकदा धंद्याचा जम बसू दे, मुले जरा मोठी होऊ देत, मग सुखाने दोन घास खाऊ,’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरात कधी ना कधी ऐकलेले असते. जणू सुख म्हणजे लग्नकार्यच. मुहूर्त निघाल्याखेरीज ते दारी येणार नाही! पण नवा धंदा आणि लहान मुले या दोन्ही गोष्टी मुहूर्ताला जुमानत नाहीत, हे मी गेली दोन वर्षे आमच्याच घरात पाहतो आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वहिनीने पोळीभाजीचे डबे द्यायला सुरुवात केली. तेव्हा पुतण्या चार वर्षांचा आणि पुतणी अवघी नऊ महिन्यांची होती. पहाटे साडेचारला कणीक, सहाला भाजीची फोडणी, नऊला डबे घराबाहेर. या रगाड्यात धाकटी रडत उठली, की वहिनीचे हात पिठात असायचे. मी मात्र शेजारच्या खोलीत नीतिशास्त्राच्या पेपरासाठी सुखवाद पाठ करीत बसलेला असे. बेंथॅम आणि मिल यांची मते मला मुखोद्गत होती. पण रडणाऱ्या पुतणीला उचलून घ्यावे, एवढे सुचत नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर एका कचेरीतून आणखी तीस डब्यांची मागणी आली. वहिनीने दहाच घेतले. ‘चालून आलेली लक्ष्मी परत पाठवलीस,’ असे घरात सारे म्हणाले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, “भाऊजी, तीस डबे घेतले तर माझी संध्याकाळ जाईल. पाच ते सहा मी मुलांजवळ बसते. तेवढे गेले, तर हे सगळे कशासाठी करायचे?”

त्या एका तासात घडते तरी काय? ओट्यावर बसून तिघे मटार सोलतात. थोरला शेंगा मोजतो, धाकटी दाणे मटकावते. बस्स, एवढेच. पण दिवसभरात वहिनी मोकळेपणाने हसताना दिसते, ती याच वेळी.

मुंबईत गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ही ‘लिज्जत’ची कथा सर्वांना ठाऊक आहे. आपण त्या 80 रुपयांचे कौतुक करतो. मला कौतुक वाटते ते पुढे रूढ झालेल्या पद्धतीचे. भिजवलेले पीठ घरी न्यायचे, सवडीने पापड लाटायचे आणि वाळवून केंद्रावर आणून द्यायचे. म्हणजे काम मुलांच्या झोपण्या-उठण्याशी जुळवून घेता येते. 1975 साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले आणि गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. व्याजाचा घोर कमी झाला, तरच माणसाला मुलाचे बोबडे बोल ऐकू येतात. सुख केवळ मनाच्या समजुतीवर उभे राहत नाही, त्याला व्यवस्थेचाही आधार लागतो, असे मला वाटते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. दादाचा पगार दरमहा घरी येतो, म्हणून वहिनी वीस डब्यांना ‘नाही’ म्हणू शकली. जिच्या घरात दुसरी मिळकतच नाही, तिला आपण समाधानाचे धडे कोणत्या तोंडाने द्यावेत? ‘हसतमुखाने सारे सांभाळते हो!’ अशी बायकांची तारीफ करणे सोपे आहे. त्या तारिफीने एकही डबा घासला जात नाही.

म्हणून हल्ली मी पहाटे धाकटीला घेऊन अंगणात फिरतो आणि कॉलेजला येताना सायकलवरून सहा डबे पोचवतो. यात मोठेपणा नाही. उलट दोन वर्षे उशीरच झाला आहे. अभ्यासाचा एक तास जातो खरा, पण गेल्या महिन्यात पुतणी पहिल्यांदा मला ‘काका’ म्हणाली, तेव्हा मी समोर होतो.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या धंदा काढतील, बहुतेक जण संसारही मांडतील. तेव्हा हिशेबाच्या वहीत भांडवल, उधारी आणि नफा यांच्या जोडीला असा एखादा तास राखून ठेवावा. आणि आज ज्यांच्या घरी दुसरे कोणी हा सारा भार वाहत असेल, त्यांनी त्या तासासाठी स्वतःचा हात पुढे करावा.

— तृतीय वर्ष, कला