कुलवृत्तांताची नवी वही

बेलापुराहून एका वृद्ध वाचकांचें पत्र आलें आहे. आपल्या घराण्याचा हस्तलिखित कुलवृत्तांत जीर्ण झाला आहे. तो नातवाच्या साहाय्यानें घरच्या जुन्या संगणकावर घालावा, आणि पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पांगलेल्या भाऊबंदांस पाहतां यावा, अशी त्यांची इच्छा आहे. हें घरगुती माणसांस साधेल काय, असें ते विचारितात. साधेल, मात्र कांहीं गोष्टी आरंभींच जाणून घ्याव्या.

या कामीं चार साधनें लागतात व तीं चारहि विनामूल्य मिळतात. लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली. अपाचे हा वेब सर्व्हर; कोणी पान मागितलें कीं तें तो पाठवितो. मारियाडीबी हा डेटाबेस. यांत नांवांचे तक्ते राहतात. रास्मुस लेर्डोर्फ यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेली पीएचपी ही भाषा तक्त्यांतील मजकूर काढून त्याचें पान सजविते. २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडियाहि पीएचपी व मारियाडीबी यांच्याच आधारें चालतो. तेव्हां साधन हलकें असल्याची शंका नको.

डेबियन किंवा उबंटू घातल्यास उरलेलीं तिन्ही साधनें एकाच आज्ञेनें येतात. पीएचपीस डेटाबेसशीं जोडणारा भाग मात्र वेगळा मागवावा लागतो; तो राहिल्यास दोन्ही धडधाकट असून परस्परांशीं बोलत नाहींत. सर्व कांहीं प्रथम घरांतल्या घरांत चालवून पाहावें. घरच्या इंटरनेटला बाहेरून गांठतां येईल असा पत्ता पुष्कळदां नसतो. म्हणून पुढें लहानसा सर्व्हर भाड्यानें घेणें सोयीचें. नांव आणि स्थान एकच असावें लागत नाहीं. बेलापूर नांवाचें रेल्वे स्टेशन श्रीरामपुरांत आहे, हें बेलापूरकरांस सांगावयास नकोच!

आतां मुख्य सूचना. डेटाबेस निर्मितांना अक्षरसंच ‘यूटीएफएटएमबी४’ असाच ठेवावा, व पीएचपीच्या जोडणींतहि तोच सांगावा. २००९ सालीं आम्हीं आमच्या घराण्याचीं नांवें अशींच भरलीं. त्या काळच्या मायएसक्यूएलमध्यें न सांगतां येणारा अक्षरसंच रोमन लिपीपुरता होता. आत्याबाईंनीं आठवून आठवून सांगितलेलें आमच्या पणजीचें माहेरचें नांव तेथें केवळ प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसलें. एकदां अक्षराचें प्रश्नचिन्ह झालें कीं मूळ अक्षर परत येत नाहीं. चूक ध्यानांत आली तेव्हां आत्याबाई हयात नव्हत्या. म्हणून पहिलें नांव भरतांच तें पुन्हां वाचून पाहावें, आणि मगच दुसरें भरावें.

तक्ता आंखतांनाहि विचार हवा. छापील वंशवृक्षांत मुलीचें नांव आलेंच तर तिची शाखा तेथेंच खुंटते. येथें तसें बंधन नाहीं. प्रत्येक व्यक्तीस एक क्रमांक द्यावा, आणि तिच्यापुढें पित्याचा व मातेचा असे दोन्ही क्रमांक लिहावे. म्हणजे लेकीचीं मुलेंहि आपोआप वंशांत येतात. माहेरचें व सासरचें नांव यांस दोन स्वतंत्र रकाने ठेवावे.

शेवटीं राखणदारी. पानांसाठीं डेटाबेसचा निराळा वापरकर्ता करून त्यास या एकाच वहीपुरते अधिकार द्यावे. वाचकानें शोधासाठीं लिहिलेला मजकूर जसाच्या तसा आज्ञेंत गुंफूं नये. त्या वाटेनें परका मनुष्य सगळी वही वाचूं अथवा पुसूं शकतो. हयात माणसांच्या जन्मतारखा व दूरध्वनि क्रमांक उघड्या पानावर नसावेत. दर आठवड्यास संपूर्ण डेटाबेसची प्रत काढून ती दुसऱ्या गांवीं, एखाद्या नातलगाकडे ठेवावी.

आणि ती जीर्ण वही? ती टाकूं नये. नव्या वहींत शंका आली तर विचारावयास तीच एक उरते.