'नेव्हर' निवडण्याआधी

"साहेब, सेशन सारखं तुटतंय," अशी तक्रार आली की आपल्यापैकी पुष्कळजण ग्रुप पॉलिसी उघडतात, आयडल सेशनच्या मर्यादेपुढे 'नेव्हर' निवडतात आणि तिकीट बंद करतात. ही सवय मोडायला हवी.

सेशन नेमके कोणी तोडले, हे आधी शोधा. विंडोज सर्व्हरचा आयडल टायमर तोडणार असेल, तर दोन मिनिटे आधी पडद्यावर इशारा येतो. तो दिसला का, हे वापरकर्त्याला विचारा. इशारा न येताच खिडकी गोठली आणि क्लायंट आपणहून पुन्हा जोडायच्या खटपटीला लागला, तर संशय नेटवर्कवर घ्यावा. अझ्युरचा लोड बॅलन्सर निष्क्रिय टीसीपी जोडणी मुळातच ४ मिनिटांनी सोडून देतो. तिथे 'नेव्हर'चा काडीचाही उपयोग नाही, कीप-अलाइव्ह चालू करावे लागते. खात्रीसाठी लोकल सेशन मॅनेजरच्या ऑपरेशनल लॉगमधली ४० क्रमांकाची नोंद पाहा. कारणाचा आकडा ३ असेल तर आयडल टायमर. ५ असेल तर दुसऱ्या जोडणीने पहिलीची जागा घेतली. एकच आयडी दोघांत वापरणाऱ्या कार्यालयांत हे हमखास घडते.

टायमरच असेल, तरी खरे नुकसान बहुधा त्याच्या शेजारच्या सेटिंगने केलेले असते. सीए कार्यालयातली लेखापाल सर्व्हरवर वर्षभराच्या खतावणीचा अहवाल लावते आणि कागद जुळवायला बसते. अहवाल चालू आहे, पण कीबोर्ड-माऊस स्वस्थ. विंडोजच्या लेखी ती आयडल. १५ मिनिटांनी जोडणी तुटते. इथवर काही बिघडलेले नसते, कारण डिस्कनेक्ट झालेल्या सेशनमध्ये प्रोग्रॅम चालूच राहतो. पण डिस्कनेक्टेड सेशनची मर्यादा कोणीतरी १ मिनिटावर ठेवलेली असते. त्या मिनिटानंतर सर्व्हर तिला लॉग-ऑफ करतो आणि अहवाल, न जतन केलेल्या नोंदी, सगळेच जाते. 'मर्यादा संपताच सेशन संपवा' हे धोरण चालू असेल, तर तेवढे मिनिटही मिळत नाही.

मूल्य बदलूनही फरक पडत नसेल तर जीपीरिझल्ट चालवा, आणि तोही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून. एरवी संगणकाची धोरणे अहवालात येतच नाहीत. संगणक आणि वापरकर्ता दोन्हीकडे मर्यादा असेल तर संगणकाची चालते. कलेक्शनमधल्या सेटिंगवरही ग्रुप पॉलिसी मात करते. रजिस्ट्रीत थेट लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मॅक्सआयडलटाइमचे मूल्य मिलिसेकंदांत असते: १५ मिनिटे म्हणजे ९०००००.

सुरक्षेचा आग्रह रास्तच आहे. पीसीआय डीएसएस १५ मिनिटांहून अधिक निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख पटवायला सांगते. पण ते काम स्क्रीन लॉकने होते, त्यासाठी जोडणी तोडावी लागत नाही. मर्यादा फार आवळल्या की लोक माऊस हलवणारी फुकट सॉफ्टवेअरे उतरवून घेतात, आणि मग उघडा पडदा दिवसभर उघडाच राहतो. हा धोका आम्हाला अधिक मोठा वाटतो.

तेव्हा लॉक १५ मिनिटांवर, आयडल मर्यादा तासा-दोन तासांवर आणि डिस्कनेक्टेड सेशनला रॅम परवडेल तितके तास, अशी मांडणी करावी. या महिन्यात आपापल्या सर्व्हरवर या तिन्ही ठिकाणी काय लिहिले आहे, ते एकदा उघडून पाहा.