गाडी थांबते, देव थांबत नाही

वाचकहो, न्यूटनसाहेबांनी गतीचे नियम १६८७ साली एका जाडजूड लॅटिन ग्रंथात मांडले. शाळेत आपण ते घोकले आणि परीक्षा संपताच सोडून दिले. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतून मात्र ते आजही मनोभावे पाळले जातात. ग्रंथ कोणी पाहिलेला नसला म्हणून काय झाले!

शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. ती ट्रकातून मुंबईला न्यायची म्हणजे दिव्यच. यंदा भाद्रपदाच्या आधी मी तेथल्या एका वृद्ध कारागिराला विचारले, "आजोबा, वाटेत जास्त काय मोडतं?"

"बोटं, कान, सोंड," ते म्हणाले. "गाडी थांबते हो, पण देव थांबत नाही ना!"

पहिला नियम याहून सोप्या भाषेत मी ऐकलेला नाही. ब्रेक लागतो तो चाकांना. मूर्ती आपली पहिल्याच वेगाने पुढे निघालेली असते. तिला निराळे थांबवावे लागते. फळीने थांबवले तर ती क्षणात थांबते आणि भंगते. पेंढा दबत दबत, जरा सवडीने थांबवतो. थांबायला दुप्पट वेळ मिळाला की धक्का निम्म्यावर येतो. हा झाला दुसरा नियम.

पेणहून वडखळ, नागोठण्यावरून रोह्याला एस.टी.ने जाऊन पाहा. ब्रेक लागला की उभे उतारू पुढच्याच्या अंगावर जातात. ढकललेले कोणीच नसते. भांडण मात्र जुंपते! आणि रोहा स्टेशनात, जेथून कोकण रेल्वेची ७४१ किलोमीटरची वाट सुरू होते, गाडी पुरती थांबण्याआधीच उतरणारे शूर पुरुष पाहावेत. पाय फलाटावर थांबतात, धड गाडीच्या वेगाने पुढे जाते.

मला खरी धास्ती वाटते ती याच रस्त्यावरच्या खासगी मोटारींची. मागे उशा-चादरींत जपून बसवलेले गणपती, आणि पुढे आईच्या मांडीवर मोकळे बाळ! "मी धरलंय ना घट्ट," असे आई म्हणते. तर मग हिशेबच करू. बाळ १२ किलोचे. मोटारीचा वेग ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. समोरच्या ट्रकावर आदळून मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर बाळाला तेवढ्यात थांबवायला १८०० न्यूटन बल लागते. म्हणजे जवळजवळ १८० किलोचे ओझे; पन्नास किलोची साडेतीन पोती तांदूळ! तीही त्या क्षणी पेलायची आणि आई स्वतःच पुढे फेकली जात असताना. माया कितीही असो, हात पुरत नाहीत.

मोटारीत पेंढ्याचे काम पट्टा करतो. तो किंचित ताणतो, थांबायला अवधी देतो आणि धक्का रुंद भागावर वाटतो. बाळासाठी मागच्या सीटला बांधायची छोटी खुर्ची मिळते. तान्ह्यांची खुर्ची तोंड मागे करून बसवतात, म्हणजे सगळा भार कोवळ्या मानेवर न येता सबंध पाठीवर पसरतो.