दुपारीच डेटा संपतो तेव्हा

दुपारी दोनच्या सुमारास मोबाइलवर संदेश येतो, ‘आपला आजचा डेटा संपला आहे.’ मग घरात झडती सुरू होते. मुलगा म्हणतो, मी दोन षटकेच पाहिली. मुलगी म्हणते, माझा तर क्लास चालू होता. अम्मी म्हणतात, मी सकाळपासून मोबाइलला हातही लावलेला नाही. आणि अम्मींचे म्हणणे शंभर टक्के खरे असू शकते. हात न लावलेला मोबाइलही दिवसभर कुणाशी ना कुणाशी बोलत असतो.

कोटा संपल्यावर नेट बहुतेक पॅकमध्ये बंद पडत नाही, त्याची गती ६४ केबीपीएसवर येते. याचा अर्थ काय? सेकंदाला आठ किलोबाइट. पाच एमबीचा एक फोटो उतरायला दहा मिनिटांहून अधिक वेळ. अशा गतीत मुलीचा क्लास चालत नाही आणि दुबईहून येणारा अब्बांचा व्हिडिओ कॉल तर मुळीच नाही. रात्री बाराला नवा कोटा मिळतो, तोवर सगळे घर एकमेकांवर रुसून बसते. जुलै २०२४ मध्ये बड्या कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून वरचा पॅक घेणेही सगळ्यांना परवडत नाही. म्हणून या वेळी आम्ही पॅक बदलण्याविषयी बोलणार नाही. आहे तो पॅक कोण खातो, ते पाहू.

घरखर्चाची वही असते तशी वही मोबाइलमध्येही असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डेटा युसेज’ शोधा. कंपनीनुसार ते ‘नेटवर्क’ किंवा ‘कनेक्शन्स’ या नावाखाली असेल. तिथे एकेका अ‍ॅपने किती डेटा वापरला त्याची यादी दिसते. यादीतल्या नावावर बोट ठेवले की बहुतेक अँड्रॉइड मोबाइलवर दोन आकडे दिसतात. एक, अ‍ॅप उघडे असताना वापरलेला डेटा. दुसरा ‘बॅकग्राउंड’, म्हणजे आपण न उघडता त्याने मागच्या दाराने वापरलेला. हा दुसरा आकडा मोठा असलेली पहिली चार-पाच नावे कागदावर लिहून काढा. झडती मुलांची नव्हे, या नावांची घ्यायची आहे.

अनेक घरांत त्यात गुगल फोटोज सापडते. निकाह, वलीमा झाला की तीनशे फोटो आणि वीस व्हिडिओ ते मोबाइल डेटावरूनच वर चढवू लागते. त्याच्या बॅकअप सेटिंगमध्ये मोबाइल डेटा बंद करा, वायफाय मिळेल तेव्हा फोटो आपोआप जातील. प्ले स्टोअरलाही ‘फक्त वायफायवर अपडेट’ असे सांगून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ उघडून मोबाइल डेटावर आपोआप उतरणाऱ्या गोष्टींच्या सगळ्या खुणा काढून टाका. जुमा मुबारक पाठवणाऱ्यांच्या नियतीबद्दल आम्हाला काडीचीही शंका नाही. पण तोच गुलाब आणि तोच घुमट सात ग्रुपमधून सात वेळा उतरवून घेण्याची गरज नसते. त्याच पानावर कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोय आहे, तीही चालू करा.

व्हिडिओची गोष्ट वेगळी. तिथे चोरी नसते, आपणच ताट वाढून देतो. नेटफ्लिक्स स्वतःच सांगते की हलक्या दर्जाचे चित्र तासाला ०.३ जीबीपर्यंत घेते आणि एचडी ३ जीबीपर्यंत. सहा इंचांच्या पडद्यावर हा फरक किती दिसतो ते आपणच ठरवा. यूट्यूबवर ४८० ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा. विषय संपला.

लॅपटॉपवाल्या घरांसाठी एक गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की लॅपटॉपला ते वायफाय वाटते. वायफाय म्हणजे फुकटचा पाट, असे समजून विंडोज आपले अपडेट उतरवायला बसते आणि मुलाचा प्रोजेक्ट होण्याआधी पॅक संपतो. लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करा. एकदा केले की पुरते.

आता मुद्द्याची गोष्ट. नवे अ‍ॅप टाकले की मोबाइल आपल्याला विचारतो, कॅमेरा वापरू देऊ का? माइक? लोकेशन? संपर्क यादी? आपण हो-नाही म्हणतो आणि वाटते, सगळे विचारून झाले. पण अँड्रॉइडवर इंटरनेट वापरण्याची परवानगी आपल्याला कधीच विचारली जात नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याने ती मागितली की टाकताक्षणी मिळते. टॉर्चचे अ‍ॅप असो की कॅल्क्युलेटर, त्याला बाहेरचा दरवाजा उघडाच असतो. त्या दरवाज्याने जाहिराती आत येतात आणि आपली माहिती बाहेर जाते. दोन्हीचे पैसे आपल्याच पॅकमधून.

याचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी बातमी-संकेतस्थळाने छापले की मुस्लिम प्रो या नमाजच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपमधून वापरणाऱ्यांचे लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जाते, आणि एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार आहेत. सैन्याला आपण थेट काही विकल्याचे मुस्लिम प्रोने नाकारले, मात्र एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात गुगल आणि अ‍ॅपल या दोघांनी अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक्स-मोडचा कोड काढून टाकायला सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला, तोवर तिचे नाव आउटलॉजिक झाले होते, नाजूक ठिकाणांचे लोकेशन विकायला मनाई केली. त्या ठिकाणांत दवाखाने आहेत आणि प्रार्थनास्थळेही.

फजरला जागे व्हावे म्हणून अ‍ॅप टाकणाऱ्याच्या मनात यातले काय होते? काहीच नाही. आम्हाला अस्वस्थ करते ते हेच.

आणि खरे पाहता या अ‍ॅपला नेट लागतेच कशाला? नमाजची वेळ सूर्याच्या स्थितीवरून ठरते. गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख दिली की मोबाइल हा हिशेब स्वतः करू शकतो. किब्ल्याची दिशाही तशीच काढता येते, ती दाखवायला मोबाइलमधले होकायंत्र पुरते. एकदा शहराचे नाव निवडून दिले की रोज आपण कुठल्या गल्लीत आहोत हे कुणाला कळण्याचे कारण नाही. शहरातल्या शहरात पूर्व-पश्चिम दहा किलोमीटर गेले तरी वेळेत अर्ध्या मिनिटाचा फरक पडत नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये शहर हाताने निवडा आणि लोकेशनची परवानगी काढून घ्या. द्यायचीच असेल तर ‘अ‍ॅप्रॉक्सिमेट’, म्हणजे ढोबळ, तेवढीच द्या. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे, आयफोनवर त्याच्याही आधीपासून. मग अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ‘मोबाइल डेटा’त जाऊन बॅकग्राउंड डेटा बंद करा. अजानचा गजर मोबाइलमध्येच लावलेला असेल तर तो तरीही वाजतो. मात्र बॅटरी वाचवण्याचे बंधन या अ‍ॅपवर घालू नका, त्याने गजर अडतो आणि फजर हुकते.

हीच बॅकग्राउंडची कळ यादीतल्या बाकी नावांवरही चालवा. व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि मुलांच्या शाळेचे अ‍ॅप यांना मात्र वगळा, नाहीतर निरोप अ‍ॅप उघडल्यावरच दिसतील. एकेक अ‍ॅप पाहायचा कंटाळा असेल तर ‘डेटा सेव्हर’ चालू करा आणि या तीन-चार अ‍ॅपना त्यातून मोकळीक द्या. आयफोनवर मोबाइल डेटाच्या यादीत प्रत्येक अ‍ॅपपुढे वेगळी कळ असते, ती बंद केली की ते अ‍ॅप मोबाइल डेटा वापरूच शकत नाही. काही अँड्रॉइड कंपन्याही अशी कळ देतात. ज्या मोबाइलवर ती नाही तिथे नेटगार्डसारखे अ‍ॅप टाकता येते. ते मोबाइलच्या आतच पहारा देते आणि आपण म्हणू त्या अ‍ॅपचे नेट अडवते. पण अशा पहारेकऱ्याच्या हातून आपली सगळी ये-जा होत असते, तेव्हा फुकट मिळणारे कुठलेही व्हीपीएन उचलून टाकू नका. चोराच्या हाती किल्ली देण्याचाच तो प्रकार होईल.

कोकणातल्या ज्या घरांतून कुणी आखातात आहे, त्यांनी एवढे जरूर करावे: कॉलची वेळ ठरलेली असते, त्याआधी डेटा सेव्हर चालू करावा, म्हणजे मागे चाललेली खेचाखेच थांबते आणि आवाज तुटत नाही. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल लागत नाही, म्हणून तिथले लोक बोटिमसारखे अ‍ॅप वापरतात. डेटा सेव्हरमधून मोकळीक देताना त्याचे नाव विसरू नका, नाहीतर अब्बांचा कॉल येतो आहे हे घरात कळणारच नाही.

राहिला दादीजानचा साधा बटणांचा फोन. त्यात नेट नाही, पण रिचार्ज करताना दुकानदार डेटावालाच पॅक मारतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम केला की कंपन्यांनी केवळ बोलणे आणि एसएमएस एवढ्यापुरताही पॅक ठेवला पाहिजे. अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानातल्या फलकावर तो सहसा दिसत नाही. नाव घेऊन मागावा लागतो.