धडे वेगळे, साखळी एकच

शाळेच्या जीवशास्त्रात रेणू एका धड्यात, पेशी दुसऱ्यात, आनुवंशिकता तिसऱ्यात आणि परिसंस्था कुठेतरी शेवटी. परीक्षेपुरते हे चालते. निसर्गात मात्र हे धडे वेगळे नसतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा त्याचा आपल्याकडचाच दाखला.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की ऑक्सिजन कमी होताच हे रेणू एकमेकांना चिकटतात. गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून असह्य वेदना होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्तक्षय.

इतका घातक दोष पिढ्यानपिढ्या टिकला कसा? उत्तर डासांच्या धड्यात आहे. हा दोष एकाच पालकाकडून आलेल्या वाहकाला तीव्र मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत असे लोक अधिक तगले आणि त्यांच्यासोबत ते जनुकही. अर्थात, मच्छरदाणी वाहकालाही हवीच.

हे उमगले की कलंक गळून पडतो. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, त्यापायी मुलीचे लग्न मोडण्याचे कारण नाही. जोडीदाराच्या हिमोग्लोबिनमध्ये कोणताही दोष नसेल, तर मूल सिकलसेलग्रस्त होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली’ हा हिशेब चुकीचा आहे. दर वेळी फासा नव्याने पडतो.

२०४७पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३मध्ये सुरू झाले. तपासण्या होत आहेत, कार्डे वाटली जात आहेत. पण कार्डावरच्या शब्दाचा अर्थ घरात कोणालाच कळत नसेल, तर तपासणीचे काम अर्धेच झाले. म्हणून या जिल्ह्यांतल्या शाळांत आनुवंशिकता शिकवताना मेंडेलच्या वाटाण्यांच्या जोडीला सिकलसेलही फळ्यावर यायला हवा, आणि त्या तासाला आरोग्यसेविकेलाही बोलवावे. त्या वर्गातली मुले काही वर्षांतच लग्नाच्या वयाची होणार आहेत.